प्लायमागची काचपट्टी

गुरुवार, संध्याकाळ. अंबड.

मी जालन्याला टाइल्स आणायला गेल्तो, तेवढ्यात खांब झाकला त्यांनी.

शेटच्या जुन्या कापडदुकानाचं मोबाइलचं शोरूम करून राह्यलोय. मधल्या खांबाला तिरपी भेग होती. ती वाढते का ते कळावं म्हणून मीच तिच्यावर आडवी काचपट्टी सिमेंटनं बसवली होती. काच तडकली तर भेग वाढतेय, एवढं साधं. आता तिच्यावर प्लाय, वर सनमायका. चकाचक.

सुतार निसारभाईंना विचारलं, काच शाबूत होती का? "बघितलीच न्हाई, भाऊ. शेट म्हनले, उद्या उद्घाटन, जल्दी करा."

शेटला फोन लावला. "मंग काय, उद्याच्याला खांब उघडा ठेवू? पत्रिका वाटून झाल्या." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. का ठेवला? वरच्या मजल्यावर शिकवणीची पोरं बसतात.

काच शाबूतच असेल. असेल ना?

जेवण गेलं न्हाई. निसारभाईंना आत्ताच सांगितलं, सकाळी शिकवणी भरायच्या आत पटाशी घेऊन या, प्लाय काढायचाय. काच धड निघाली तर शेट सगळ्यांदेखत शिव्या देणार.

त्या शिव्या खायला मिळाव्यात, एवढंच वाटून राह्यलंय.