चंद्रावरच्या नर्सा

माय, तू माझ्या गोष्टीवर हसलीस तो दिवस आज सकाळपासून आठवतो आहे. इंग्रज अजून गेले नव्हते, मी मॅट्रिकला होते. सक्करदऱ्याच्या आपल्या खोलीत, बायकांच्या दवाखान्यातली दिवसपाळी संपवून तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मासिकाला पाठवायची माझी पहिली विज्ञानकथा मी तुला वाचून दाखवते आहे. चंद्रावर दवाखाना निघाला आहे. डॉक्टर फार हुशार, नर्स फार सुंदर. ती त्याच्या कपाळावरचा घाम टिपते आणि शेवटी त्याला वाचवताना मरते. मला वाटलं, तू रडशील. तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकरी करपली. "काहून वं, तुया चंद्रावर नर्सले दुसरं कामच नाही का? मी घाम टिपत बसली असती तं आज एक लेकरू हातचं गेलं असतं!"

मी रुसून बसले. दुसऱ्या दिवशी तू मला ओढतच वॉर्डात नेलंस. कापसात गुंडाळलेली एक दिवसाची पोर होती. जन्मली तेव्हा निळी पडलेली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. तूच तिचा घसा मोकळा केलास, रडेपर्यंत पाठ चोळत राहिलीस. तिची आई, उमरेडच्या विणकराघरची, मला म्हणाली, "तुयी माय नसती तं..." आणि पोरीकडे बघून हसत राहिली.

घरी येऊन मी गोष्ट फाडली आणि नवी लिहायला घेतली. आता एक नर्स हवेचं यंत्र बिघडल्याचं रोग्यांच्या श्वासावरून ओळखते आणि यानाच्या कप्तानाला हुकूम सोडते. दुसरी यंत्रमानवाला बाळ धरायला शिकवते. तिसरी देवीची लस घेऊन मंगळावर जाते. कांदा चिरता चिरता तू म्हणालीस, "आन् एकीले सुट्टी दे वं. नुसती बसून मुरमुरे खाऊन राहिली, असं लिही." तेही लिहिलं. गोष्ट छापून आली तेव्हा तू ती वॉर्डात मोठ्यानं वाचलीस, आणि मुरमुरेवाली कोण यावरून तुम्ही सगळ्या नर्सा हसत हसत भांडलात.

नंतर तू विचारलंस, "तू बी नर्स होशीन का?" मी म्हटलं, "मला लिहायचंय." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून कबूल करते: धाडसी नर्सांच्या इतक्या गोष्टी लिहिल्या, पण माय, सुई दिसली की मी आजही डोळे गच्च मिटते.