झगमगची सुटका आणि वगळलेला आठवा नियम

३ मार्च, सकाळ
आजपासून मन शांत ठेवण्याचा संकल्प.

काल शहराचा लाडका महानायक झगमग भिंतीत अडकला. त्याचा सत्कार होता आणि त्याला मंचामागच्या भिंतीतून अवतरायचे होते. अवतरला, पण अर्धाच. चेहरा आणि उजवा हात बाहेर, उरलेला विटांत.

भिंत ओलांडण्याची विद्या त्याला मीच शिकवली. शहरात ती मला एकट्याला येते. मृत्यूनंतर माणसाला एवढे तरी मिळावे. लोक मला सावट म्हणतात आणि आम्हा महानायकांवरच्या चित्रमासिकात माझी हनुवटी चुकीची काढतात. मुखपृष्ठावर मात्र नेहमी झगमग. या गोष्टीचा घटनेशी काडीचाही संबंध नाही.

मी सात नियम शिकवले, मुद्देसूद. आठवा (मध्ये क्षणभरही थांबू नये) राहून गेला. त्याने जांभई दिली होती.

४ मार्च
संकल्प: आजच सुटका.

सभागृहात गेलो. पहारेकऱ्याने झगमगच्या बोटांना आपली छत्री अडकवली होती. त्याची आई खुर्ची टाकून त्याला चमच्याने दूध पाजत होती. रोज बोटभर आत जातोय हो, असे तिने मला सांगितले. झगमग म्हणाला, आलात का प्राध्यापक, बघून झालं असेल तर निघा. तुमच्या हातून सुटण्यापेक्षा मी इथेच भिंतीबरोबर रंग लावून घेईन. आई म्हणाली, सर, याचं तोंड पहिल्यापासून असंच, मनावर घेऊ नका.

मी भिंतीत हात घातला. बोटे मुरगळली. गिलावा नवा असावा.

५ मार्च
गिलावा जुना आहे. गवंड्याला विचारले. मग दमटपणा असणार.

कपाळ दोनदा आपटले. झगमगने, ही सुटका म्हणायची की दार वाजवणं, असे विचारले. उत्तर देण्याच्या योग्यतेचा प्रश्न नव्हता.

दुपारी स्वतःची टिपणे वाचली. नियम पहिला: मनात काही दडवून भिंतीत शिरू नये, भिंत वाट देत नाही. वाक्यरचना निर्दोष आहे. तो मला लागू होण्याचे कारण दिसत नाही.

६ मार्च, संध्याकाळी पाच
गाल, डोळे बुडाले. फक्त नाक, ओठ आणि हात बाहेर. उद्या नाक.  आई रुमालाने त्याच्या नाकावरची धूळ पुसत राहिली.

तिला चहाला पाठवले. मग हात भिंतीला लावून झगमगला म्हणालो की एक नियम सांगायचा राहिला. काही घडले नाही. म्हणालो, वेळ अपुरा होता. काहीच नाही. म्हणालो, मुद्दाम वगळला. हात मनगटापर्यंत आत गेला. तू जांभई दिलीस म्हणून, असे म्हणताच भिंतीने तो बाहेर ढकलला. इतक्या काटेकोर परीक्षकाशी माझी गाठ यापूर्वी पडली नव्हती.

शेवटी म्हणालो, तू सगळ्यांसमोर अडकावास असे मला वाटत होते. अडकलास तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो आणि मला बरे वाटले.

मी खांद्यासकट आत गेलो आणि त्याला ओढून काढले. तो बराच वेळ खोकला. मग, हे बोलायला पाच दिवस लागले, एवढेच म्हणाला आणि माझ्या हातातला हात सोडवून घेतला.

७ मार्च
आई मुलाला घेऊन माझ्या घरी आली. मी वाकू नका म्हणेपर्यंत वाकली. सर, तुम्ही सगळं नीट शिकवलं होतं, याचंच लक्ष नव्हतं, यानेच कबूल केलं, असे म्हणाली. मी झगमगकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, पाच दिवस ती तुमच्या भरवशावर बसली होती. तिच्यासाठी खोटं बोललो, तुमच्यासाठी नाही.

जन्मभर आणि त्यानंतरही मी लोकांची वाक्ये दुरुस्त करत आलो. तिचे दुरुस्त केले नाही. चहा घेणार का, असे विचारले.