डिस्चार्ज कार्डावर एक ओळ पेनाने लिहू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत, पहिला मजला

विषय : इन्सुलिन सूचनापत्राच्या वेबसाइटवरील पानातून गहाळ झालेली ओळ रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर हाताने लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझी ऑनलाइन तक्रार, ‘तक्रार आढळली नाही’ या शेऱ्यासह बंद.
२) ‘अधिकृत कार्डावर खाडाखोड’ केल्याबद्दल मला मिळालेला मेमो.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी मधुमेह कक्षात परिचारिका आहे. घरी जाणाऱ्या रुग्णांना इन्सुलिनचे सूचनापत्र समजावून देणे हे माझे काम. पूर्वी हे पत्र छापील मिळे. आता ते वेबसाइटवर असते आणि कार्डावर फक्त त्याचा पत्ता छापलेला असतो. नातेवाइकांनी घरी जाऊन मोबाइलवर वाचावे, अशी व्यवस्था आहे.

१. मूळ सूचनापत्रात असे आहे : जेवणाआधी साखर सत्तरपेक्षा कमी आल्यास इन्सुलिन टोचू नये, लगेच साखरपाणी द्यावे. साखर तीनशेपेक्षा जास्त आल्यास ठरलेले इन्सुलिन टोचून रुग्णालयात फोन करावा. मात्र ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’ हे शब्द मजकूर समितीने काढले व त्या जागी गणितातल्या लहान-मोठेपणाच्या, कोनासारख्या दिसणाऱ्या खुणा घातल्या, कारण शब्दांमुळे पत्र दुसऱ्या पानावर जात होते आणि पत्र एकाच पानाचे असावे असा नियम आहे.

२. वेबसाइटचे पान कसे दिसावे याचे आदेश संगणकाला नेमक्या याच दोन खुणांच्या मध्ये लिहून देतात, असे मला सांगण्यात आले. कागदावरचा मजकूर पानावर चढवताना या खुणा आधी साध्या अक्षरांसारख्या करून घ्याव्या लागतात. आपल्याकडे ते झाले नाही. प्रोग्रॅमने पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचा सगळा मजकूर आपल्यालाच दिलेला आदेश समजून गिळला. उरले ते असे : ‘जेवणाआधी साखर ३०० आल्यास ठरलेले इन्सुलिन टोचून रुग्णालयात फोन करावा.’ वाक्य इतके सुरळीत आहे की काही हरवल्याची शंकाही येत नाही. खाली ठळक अक्षरात आहे, ‘इन्सुलिनची एकही वेळ चुकवू नये.’

३. आमच्याकडून घरी गेलेल्या एका सुतारकाकांची साखर एका सकाळी साठ आली. त्यांच्या सुनेने पान उघडले. कमी साखरेबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, वेळ चुकवू नये हे मात्र होते. तिने इन्सुलिन टोचले. काका घामाघूम होऊन मोरीच्या दाराशी कोसळले आणि उजवे मनगट मोडून पुन्हा आमच्याच कक्षात आले. जीव वाचला. रंधा पुन्हा हातात धरता येईल का, हे हाडांचे डॉक्टर सांगत नाहीत. त्यांच्या पत्नी साऱ्या वॉर्डासमोर म्हणाल्या, शिकलेली म्हणून सून केली आणि हिला साधं वाचता येईना. ती पोरगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘सिस्टर, मी दोनदा वाचलं हो. तिथं तसं काहीच नव्हतं.’’ महोदय, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

४. मी संगणक विभागात गेले. तिथे सांगितले की प्रोग्रॅम बरोबर आहे, समितीने खुणा वापरू नयेत. समितीने सांगितले की मजकूर बरोबर आहे, छापून पाहा. तपासनीसांनी तो खरोखर छापून पाहिला, मूळ कागदाशी ताडला आणि ‘तंतोतंत’ असा शिक्का मारून दिला. आपल्याकडे तपासणी कागदाची कागदाशी होते. वेबसाइटवरचे पान उघडून बघणे कोणाच्याच कामात बसत नाही. मी माझा मोबाइल पुढे केला, तर खाजगी मोबाइल पुरावा म्हणून चालत नाही असे उत्तर मिळाले.

५. तेव्हा मी ऑनलाइन तक्रार केली. हरवलेली ओळच तेवढी, पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत, जशीच्या तशी लिहिली. तक्रारीच्या पानानेही ती गिळली. तक्रार वाचणाऱ्या साहेबांना माझे नाव, पद आणि ‘त्वरित कार्यवाही व्हावी’ एवढेच दिसले. त्यांनी तक्रार आढळली नाही असे लिहिले, आणि त्यांच्या बाजूने ते खरेच होते. म्हणून हा अर्ज कागदावर आहे. त्यातही मी त्या खुणा कुठेही वापरलेल्या नाहीत, कारण आवक शाखा कागदी अर्जसुद्धा टंकून संगणकावर चढवते.

६. या काळात मी प्रत्येक कार्डावर पत्त्याखाली पेनाने लिहीत होते : ‘साखर सत्तरच्या खाली आली तर इन्सुलिन देऊ नका, साखरपाणी द्या.’ त्याबद्दल मला मेमो मिळाला. माझे अक्षर चांगले नाही हे मान्य. पण ते कोणी गिळत नाही.

तरी विनंती की, पान दुरुस्त होईपर्यंत ही ओळ लिहिण्याची परवानगी मला द्यावी. तसेच पानातच चूक होती असे पत्र रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी सुतारकाकांच्या सुनेला द्यावे. ते तिने सासूबाईंसमोर वाचून दाखवावे अशी माझी इच्छा आहे. परवानगी नाकारायची झाल्यास आदेश कृपया कागदावर द्यावा. संगणकावरून पाठवल्यास त्यातला नकार माझ्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

उद्या नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी घरी जात आहेत. त्यांना इन्सुलिन देणारा नातू घरात एकटाच आहे. त्यांच्या कार्डावर ती ओळ मी आज लिहिली आहे.

आपल्या आज्ञेत राहण्याची मनापासून इच्छा असलेली,

(सही)
परिचारिका, मधुमेह कक्ष
दिनांक : आवक शाखेच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) मूळ सूचनापत्र, ‘तंतोतंत’ शिक्क्यासह
२) मोबाइलवर दिसणाऱ्या पानाचा फोटो
३) मेमोची प्रत
४) पेन जोडलेले नाही. उद्याही लागणार आहे.