पळसाच्या रंगाचं लुगडं

भाऊजी,

फोनवर तुमी मले बोलूच देत नाई, म्हनून लिहून राह्यली.

होळीच्या आदल्या दिवशी बांधावरच्या पळसाची फुलं येचून आनली अन् चुलीवर गंजात पानी टाकून उकळली. तुमचे भाऊ दरसाल करत. ते गेल्यापासून फुलं मातीतच पडत होती, कारन विधवेनं रंग शिवू नये म्हने. औंदा धुळवडीले शेजारच्या मळ्यातली चंपाबाई आली. मी तिच्या हाती लोटा देल्ला अन् म्हनलं, "टाक बाई, डोक्शावरून टाक." तिनं टाकला. तिच्या सुनेनं फोटो काढला, तो वाशीमले तुमच्या मोबाइलवर पोचला.

तुमी म्हनता, "घरान्याचं नाक कापलं, आता मळ्यातल्या घराले कुलूप लावतो, वयनी, तुमी आमच्याकडं चाला." कायले येऊ? तुमच्या मागच्या खोलीत बसाले? इथं सकाळी मी आंगन सारवते, मोगऱ्याले पानी देते, चहा घेऊन पायरीवर बसते. शेवग्याचं फूल कपात पडलं त बोटानं काढते अन् चहा पेते. माझं काई अडत नाई.

उद्या तुमी येनारच, म्हनून हे पत्र टपालात टाकत नाई. समोर उभी राहून सांगीन. तेरवीले तुमीच आनून देल्लेलं पांढरं लुगडं त्या दिवशी माझ्या आंगावर होतं. आता ते केशरी झालं. मी त्याले साबन लावला नाई. उद्या तेच नेसून दारात उभी राहीन.

कुलूप आना, पन चहा पेऊन जा.

तुमची वयनी,
सुलोचना