बाल्कनीतला अनोळखी पक्षी

बाबा,

तू फिरायला गेलायस आणि फोन इथेच विसरलायस, म्हणून चिठ्ठी.

बाल्कनीतला रेकॉर्डर शोधत बसू नकोस, तो मीच काढलाय. माझ्या इंटर्नशिपसाठी तो रोज सकाळी पक्ष्यांचे आवाज टिपायचा ना, त्यात काल एक भलताच पक्षी निघाला. आमच्या पक्षी-अभ्यास केंद्रातल्या कॉम्प्युटरलाही ओळखता येईना. कॉलेजची मुलं भांडायला लागली. एक म्हणे दूरदेशीचा पाहुणा, दुसरी म्हणे पिंजऱ्यातून सुटलेला. तिथे शाळेतली मी एकटीच, पण ठणकावून सांगितलं, "तो माझा बाबा आहे! झाडांना पाणी घालताना शीळ घालतो." सगळे हसून हसून लोळले.

आमच्या गाईड ताई म्हणाल्या, "रेकॉर्डिंग चालू असेल तेवढा वेळ बाबांना गप्प राहायला सांगशील?" मी सरळ नाही म्हटलं. आपलं दुकान बंद झाल्यापासून तू शीळ घातलीच नव्हतीस, आत्ता कुठे पुन्हा घालायला लागलायस. आई आणि मी बोललो नाही, पण आमच्या ते लक्षात होतं.

म्हणून रेकॉर्डर आता गच्चीवर, टाकीच्या मागे आहे. तिथे बाल्कनीतला आवाज पोचत नाही. तपासायला आईला शीळ घालायला लावलं होतं. तिची नुसतीच फूफू! शेवटी तिने ताट बडवलं.

हे वाचून तू लाजशील आणि पुन्हा गप्प होशील, एवढीच मला धाकधूक आहे. तसं करायचं नाही हं. खुशाल घाल शीळ, सूर चुकला तरी चालेल.

तुझी,
बडबडी