अण्णाच्या शेजारी माझा फोटो

१० डिसें.
खो-खोत आमच्या शाळेच्या पोरी राज्यात पहिल्या! पुतणी रेश्माने शेवटच्या मिनिटाला सूर मारून गडी टिपला. पारावर मोबाइलभोवती सगळं गाव. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे गळ्यात पडून नाचले. मी नाचलो नाही, गुडघा. पण डोळे भरले. सहावीत असताना या पोरीला पहाटे माळावर पळवायचो, फौजेतली सवय. अण्णाशी, म्हणजे तिच्या बापाशी, माझ्या थोरल्या भावाशी बिनसलं आणि ते थांबलं. विहीर एक, पाण्याच्या पाळीवरून भांडण, चार वर्षं अबोला. आता विहिरीतली मोटार जळून महिना झाला. दोघांची ज्वारी वाळतेय, पण आधी बोलायचं कुणी?

११ डिसें.
स्टँडवर फ्लेक्स लागला. पोरांनी घोळ घातला. शुभेच्छुकांत वडील म्हणून अण्णा, आणि त्याला खेटून चुलते म्हणून मी, वर्दीत! म्हटलं, काढा. "काका, दुसरा छापायचा म्हंजे दहिवडीला जावं लागंल. ऱ्हाऊ द्या की."
सौ.ला हसू आवरेना. "आवं, फोटूत तरी शेजारी बसलासा."
अण्णा फाडणार बहुतेक.

१२ डिसें.
फाडला नाही. सौ. म्हणते, बराच वेळ बघत उभा होता.
मिरवणूक. हलगी, गुलाल. ट्रॅक्टर अण्णाचा, चालवायला तोच. दारोदार थांबून बायका पोरींना ओवाळत होत्या. सौ. ताट घेऊन उभी, मी आत. ट्रॅक्टर दारावरून पुढे गेला. मेलो, वाटलं. मग चार पावलांवर थांबला. रेश्मा उडी मारून पळत आली, पाया पडली. "काका, पळायला तुमीच शिकवलं." अण्णा समोरच बघत बसलेला. इंजिन चालूच. पण थांबला. पोरी, तुझे लय उपकार.

१४ डिसें.
ग्रामसभा. टँकरचा विषय निघालाच नाही, सगळा वेळ सत्काराची तारीख ठरवण्यात. हात वर करणार होतो. नाही केला. मीही टाळ्याच वाजवल्या.
शाळेचे गुरुजी बाहेर म्हणाले, "हवालदार, गुलाल उतरू द्या, मग बघा."
खरं असेल. आमची बटालियन व्हॉलीबॉल जिंकली की सगळे एका ताटात जेवायचे. दुसऱ्या दिवशी फॉलिनला, हजेरीच्या रांगेत, जो तो आपल्या कंपनीत. तरी ते जेवण मी विसरलो नाही. खेळ नुसता विरंगुळा असता तर इतकी वर्षं कसा आठवला असता? की मी म्हातारा झालोय...

१७ डिसें.
सकाळी विहिरीवर गेलो तर अण्णा आधीच तिथे. दोर बांधून ठेवलेला. माझ्याकडे न बघता, विहिरीलाच सांगितल्यासारखं, "मोटार एकट्याला निघत न्हाई."
मी दुसरं टोक धरलं.
"वढ."
चार वर्षांनी मला म्हटलेला पहिला शब्द.
मोटार वर आली. वायंडिंगला घेऊन गेला, एकटाच. पाळीचं विचारलं तर म्हणाला, "बघू." यात पोरीचा वाटा किती नि वाळत्या ज्वारीचा किती, कुणास ठाऊक. तळहात सोलवटलेत. सौ. हळद लावते म्हणाली. म्हटलं, राहू दे आजच्या दिवस.