हायड्रेंजिया कुणी छाटली?

केरव्हेलाँ,
१२ मे १९९४

प्रिय रोझेन,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. पाऊस आहे, समुद्राकडून वारा आहे, म्हणजे नवीन काही नाही. शेजारच्या इव्होनने कोंबड्या पुन्हा आपल्या वाफ्यात सोडल्या, मी पुन्हा भांडलो, आणि मग दोघांनी मिळून सफरचंदाची सायडर प्यायली. तिकडे तुमच्या लिओं शहरात आता उकडायला लागलं असेल.

फोन केला नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. ठेव बाई, रागाव. शिवाय फोन स्वयंपाकघरात आणि तुझी आई दिवसभर तिथेच. तिच्यासमोर हे बोलता येत नाही.

ईस्टरला तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "बाबा, माझ्या लग्नाच्याच वर्षी? जुलैत त्या निळ्या फुलांत उभं राहायचं हे मी दहा वर्षांची असल्यापासून ठरवलंय, आणि तुम्ही सगळी हायड्रेंजिया सफाचट केलीत? कुणाचं ऐकून?" बाबांनी छाटली, हे त्याआधी आईनेच तुला सांगितलं होतं ना. मी नुसता "हं" म्हणालो.

झाडांची खबर देतो. बुंध्यापासून पानं फुटली आहेत, हिरवीगार, तजेलदार. पण फूल येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर, हे तुला मी काय सांगणार? आईने सगळ्या गावाला ते घोकून घोकून पाठ करवलंय. सुकलेली बोंडं हिवाळाभर झाडावरच राहू द्यायची, त्यांच्याखाली पुढची कळी झोपलेली असते. "मार्चआधी कात्री दिसली तर माझ्याशी गाठ आहे!" हा तिचा दम. एकदा इव्होनच्या बायकोने ख्रिसमससाठी बोंडं कापली, तर आई महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती. आठवतं?

आणि छपराच्या त्या दगडी पाट्या आठवतात? भिंतीतल्या चुन्याने फुलं गुलाबी पडतात म्हणून मी छपराच्या कामावरून फुटक्या पाट्या आणायचो आणि निळा रंग टिकावा म्हणून ती त्या मुळाशी पुरायची. लोक नवऱ्याकडे दागिने मागतात, हिने जन्मभर दगडाचे तुकडे मागितले.

पोरी, मी विषय टाळतोय. पेन खाली ठेवून दोनदा कोंबड्या बघून आलो.

नोव्हेंबरात मी बाजारातून मासळी घेऊन आलो तर फाटकापासून दारापर्यंत नुसती खुंटं. फांद्या वाटेवर पडलेल्या. आई मधोमध उभी, एप्रनच्या खिशात कात्री, हात ओरखडलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "हेर्वे, हे कुणी रे केलं?" अगं, तिचा चेहरा! घरात कुणी गेल्यासारखा. "तूच" असं कसं म्हणणार होतो मी? म्हणालो, "मी केलं. वाटलं, जरा साफ करावं."

मग काय विचारतेस! "अरे गाढवा, तू छपरं घाल ना! झाडांना कशाला हात लावतोस? माझ्या पोरीच्या लग्नाची फुलं होती ती!" मी मान खाली घालून फांद्या गोळा केल्या. इतका उद्धार ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगतो. तुझं लग्न तिच्या लक्षात होतं.

त्यानंतर रोज तेच. सकाळी खिडकीची झापं उघडली की किंचाळायची, "हे कुणी केलं?" मी आतूनच ओरडायचो, "मी!" आणि कॉफी होईपर्यंत शिव्या खायचो. गावभर माझी छी-थू झाली. इव्होनसुद्धा म्हणाला, "म्हातारचळ लागला काय तुला?" म्हटलं, लागला. जानेवारीत कँपेरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, पुढे वाढतच जाणार. तुला कळवायचं रोज ठरवायचो. वाटायचं, लग्न होऊन जाऊ दे.

पण गेल्या सोमवारी तिने झापं उघडली आणि काहीच बोलली नाही. मी आत कॉफी घेऊन वाट बघत उभा. शेवटी मीच म्हणालो, "सोआझिग, झाडं बघितलीस का?" ती म्हणाली, "कुठली झाडं, मसिय?" नवऱ्याला 'साहेब' म्हणाली, आणि हसली. परक्या माणसाशी हसतात ना, तशी, अगदी सभ्यपणे. ओसरीत जाऊन मी रडलो गं.

मला तिच्या शिव्या परत हव्यात, रोझेन. बाकी काही नको.

फुलं नाहीत म्हणून लग्न पुढे ढकलू नका. पण तू जुलैची वाट बघू नकोस, आत्ता ये. काल तिने तुझं नाव दोनदा घेतलं, म्हणजे तू अजून आहेस तिच्यापाशी. आलीस की माझ्या गळ्यात पडू नकोस. आधी तिला खिडकीशी घेऊन जा आणि विचार, "आई, ही झाडं कुणी छाटली गं?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं, तर तूही तिच्या बाजूने होऊन मला भरपूर बोल.

आणि तिला खरं कधी सांगू नकोस. झाडं मीच छाटली.

तुझा गाढव,
बाबा